दोन्ही कडांनी शिवलेली रजई

दिग्रसमधल्या जुन्या लोकांना विचारलं तर ते अजून सांगतात, की जिनिंगच्या मागच्या गल्लीत एक बाई राहायची आणि तिला मेलेल्या पिंजारणीनं धरलं होतं. कोणी म्हणतं ती एकटीच हसायची. कोणी म्हणतं ती दोन कप चहा करायची आणि दुसरा कप आपोआप संपायचा. ही बाई माझी धाकटी बहीण. तिला धरलंय, हे गावाला पहिल्यांदा मीच सांगितलं. ती आता नाही, त्यामुळे तिला यातलं काही खोडता येणार नाही. मला येतं. म्हणून या वयात लिहायला बसलो.

मी एका खासगी जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. गाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धागा ताणायचा, आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, एवढंच माझं काम. दसरा झाला की आमचं गाव पांढरं व्हायचं. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना, विजेच्या तारांना, दुकानांच्या पाट्यांना कापूस चिकटलेला असायचा. सकाळी धुकं आणि रुई यांत फरक कळत नसे. पुढे ती वर्षं आली, जेव्हा बाभळी काळ्याच राहू लागल्या. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि रोज कुठल्या ना कुठल्या खेड्यातून एखादी वाईट बातमी घेऊन येणारी एसटी. त्या वर्षांबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला त्यातली एका घरातली गोष्ट सांगायची आहे.

बहिणीचं सासर केळापूरकडचं. लग्नानंतर महिन्याभरातच ती परत आली, आणि का आली हे आम्ही कोणी विचारलं नाही. न विचारणं म्हणजे समजूतदारपणा, अशी आमच्या घरची समजूत होती. वडिलांनी जिनिंगमागची दोन खोल्यांची जागा तिला दिली. ती शिवणकाम करू लागली. गादी-रजईच्या खोळी शिवताना तिची पिंजारणीशी ओळख झाली.

ही पिंजारीणही पुसदहून नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. तिच्या भावाची गल्लीच्या तोंडाशी रुई पिंजायची मशीन होती, पण तिचा मशीनवर विश्वास नव्हता. ती वडिलांची जुनी पिंजण वापरायची. छतापासून टांगलेली लांब लाकडी कमान, तिला ताणलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी. दबलेल्या रुईत ती तात ठोक्यानं हलवली की एक जाड, घुमणारा आवाज निघतो आणि रुईचा ढग होतो. माझ्या बहिणीच्या पुढच्या खोलीत तिनं ती पिंजण आणून टांगली. मग स्वतःची ट्रंकही आणली. पुढची बारा-पंधरा वर्षं दोघी तिथंच राहिल्या.

गाव त्यांना भागीदारणी म्हणायचं. मीही म्हणायचो. त्यांचं एकमेकींवर प्रेम होतं. नवरा-बायकोत असतं तसं, आणि मी पाहिलेल्या बहुतेक नवरा-बायकोंत नसतं तसं. हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं.

रजई शिवायची त्यांची एक रीत होती. भरलेली रजई अंगणात पसरायची. एका कडेला बहीण बसायची, समोरच्या कडेला पिंजारीण. दोघी आपापल्या कडेनं टाके घालत आत सरकायच्या. पिंजारीण डावखुरी होती. तिचे टाके डावीकडे कललेले, बहिणीचे उजवीकडे. रजईच्या मधोमध दोघींचे दोरे भेटले की तिथं गाठ मारायची. कोणाची रजई या घरची आहे हे ओळखायला ती गाठ पुरे होती.

दुपारी मी चहाला जायचो.

"काय भैया, जिनिंग बंद पडली काय?" पिंजारीण मान वर न करता विचारायची. तिच्या तोंडात सदा लवंग असायची.

"चालू हाये. चहा प्याले आलो."

"मंग पयले बहिणीले सुई ओवून द्या. डोये गेले तिचे, पन चष्मा नाई लावत. म्हनते, चष्मा बुढ्या बायाईले लागते."

"तुले दिसते ना," बहीण म्हणायची, "मंग झालं."

त्यावर पिंजारीण स्वतःच सुई ओवून तिच्या हातात द्यायची आणि मी चहाच्या कपात बघायचो.

ज्या वर्षी पहिल्यांदा आमच्या जिनिंगचं एक यंत्र बंद ठेवावं लागलं, त्या वर्षी भाद्रपदात पिंजारणीला ताप आला. आधी दिग्रसच्या डॉक्टरांना दाखवलं, मग यवतमाळला नेलं. तिथून परत आणली आणि थोड्याच दिवसांत ती गेली. आजारी पडायच्या आधी तिनं एक रजई भरून ठेवली होती. गिऱ्हाइकाची नाही, दोघींची. एका कोलाम शेतकऱ्याकडून ती दर वर्षी थोडा देशी कापूस मागवायची. आखूड धाग्याचा, बाजारात कोणी विचारत नव्हतं असा. त्या रजईत सगळी तीच रुई होती. बहिणीची बाजू शिवून झाली होती. समोरची बाजू कोरी राहिली.

जनाजा निघाला तेव्हा बहीण चौकापर्यंत गेली. कब्रस्तानात बायका जात नाहीत, आणि ही तर कोणाच्याच हिशेबात त्यांची कोणी नव्हती. तिला धरून न्यायला मी पुढे झालो, तर म्हणाली, "दादा, तू जाय त्याईच्या संग. कोनी तरी आपल्या घरचं पायजे." मी गेलो नाही. जिनिंगमधली माणसं बघत होती.

दसऱ्यानंतर गारठा पडू लागला, आणि गल्लीतले लोक नेहमीसारखे रजया घेऊन तिच्या दारात येऊ लागले. एका दुपारी मी गेलो तर दोघींची ती रजई अंगणात पसरलेली. बहीण आपल्या बाजूला बसली होती, हातात सुई नव्हती. समोरची बाजू अजून कोरीच होती. मी नीट पाहिलं होतं, कारण ती कोरी बाजू बघून मला वाईट वाटलं होतं. ती चहा ठेवायला आत गेली. मी नळावर तोंड धुतलं. वळून पाहतो तर समोरच्या कडेला टाक्यांची एक ओळ. डावीकडे कललेली. सुई कापडात अर्धी रुतलेली आणि दोऱ्याचं टोक अजून हलत होतं. वारा नव्हता. अंगणात लवंगेचा वास होता.

बहीण दोन कप घेऊन आली. एक मला दिला, दुसरा त्या कडेला जमिनीवर ठेवला. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "कायले भेला? तिचं काम ती करून राह्यली."

"कधीपासून?"

"पितरपाट झाल्यापासून येते. सुई आज पयल्यांदा धरली. मी बसून असली तर नाई येत. लाजते. चहाले उठली का येते." आणि हसली. सासरहून एसटीनं परत आली तेव्हापासून मी तिला तसं हसताना फक्त त्या घरातच पाहिलं होतं.

मला भीती वाटली नाही असं नाही. पण भुताची जेवढी वाटली त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीची वाटली. माझ्या मुलीला पुसदचं स्थळ आलं होतं. त्या वर्षांत ठरलेली लग्नं मोडत होती, नवी ठरत नव्हती. मुलाच्या मामानं गल्लीत चौकशी केली होती आणि मला आडून विचारलं, "तुमच्या बहिणीचं काय ऐकू येते? अन् ते पिंजारीण कोन होती म्हनते तिची?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडातून काढता आलं नाही. म्हणून मी पहिल्याचं दिलं. म्हणालो, ती बाई मेल्यापासून बहिणीला बाधा झालीय, धरलंय तिला, आम्ही उपाय करतोय. मामाचा चेहरा एकदम सैल झाला. बाधा त्याला समजत होती. बाधेला उपाय असतो, आणि उपाय असला की सोयरीक मोडत नाही. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली, आणि तिला मुळापासून खोटं म्हणणारं कोणी उरलं नाही.

आता उपाय करून दाखवणं आलं. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, मेलेल्या माणसाचा जीव अंथरुणात अडकतो. अंथरूण जाळा. बायकोही तेच म्हणाली. पण जिनिंगमध्ये वय काढलेल्या माणसाला कापूस जाळणं होत नाही. ठिणगीच्या धाकात आम्ही जगलेलो. बिडीसुद्धा फाटकाबाहेर ओढायची. पेटलेली गंजी मी एकदा पाहिली होती. मी बायकोला म्हणालो, जाळायचं नाही, पिंजून वाटून टाकू. रुई दहा घरी गेली की जीव राहील कुठं? मला तो मधला मार्ग वाटला. शहाणपणाचाही वाटला. आज वाटतं, जाळली असती तर निदान एकदाच गेली असती.

बहीण डोळे दाखवायला यवतमाळला गेली त्या दिवशी मी कुलूप उघडलं. समोरच्या बाजूच्या ओळी मध्याजवळ आल्या होत्या. दोन्हीकडच्या दोऱ्यांत वीतभर अंतर उरलं होतं. मी टाके उसवले, रुई पोत्यात भरली आणि पिंजारणीच्या भावाच्या मशीनवर नेली.

त्यानं मूठभर रुई हातात घेतली आणि ओळखली. "ये तो बहन की है. भाऊ, तुमच्या बहिणीनं देल्ली का?"

"तिनंच पाठवली. गिऱ्हाइकाच्या रुईत मिळवून टाका म्हणे. घरात नको."

मशीनजवळ गल्लीतल्या लोकांची रुई पडली होती, त्यात त्यानं ती सोडली. शेवटी थोडी बाजूला काढून एका उशीत भरली आणि माझ्या हातात दिली. "उनको बोलो, इतना तो रख लो. सब मत दो."

ती उशी बहिणीसाठी होती. मी ती माझ्या घरी नेली.

बहीण संध्याकाळी आली. मी तिच्या ओट्यावर बसून होतो. आत जाऊन ती रिकामी खोळ घेऊन बाहेर आली.

"रुई कुठं हाये?"

"पिंजाले देल्ली."

"कोनाच्या रुईत?"

"सगळ्याईच्या."

ती उंबऱ्यावर खाली बसली. खोळ मांडीवर घेऊन तिचे कोपरे सरळ करत राहिली. "सगळीच गेली?"

"सगळी," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "कोनाकोनाच्या रजया होत्या तिथं, ते आठोते का तुले?"

मुलीचं लग्न झालं. त्या हिवाळ्यात जिनिंग अर्धी बंद झाली आणि नंतर पूर्ण. माणसं दिवसभर घरी बसून होती, आणि कोणालाच झोप येत नव्हती, हे तेव्हा सगळ्या तालुक्याचं दुखणं होतं. आमची गल्ली मात्र झोपू लागली. समोरच्या घरातला संधिवाताचा म्हातारा चहाच्या टपरीवर सांगू लागला, की पहाटे कोणी तरी त्याच्या पायांखाली रजई खोचतं. टपरीवाल्याची आई म्हणाली, मला लवंगेचा वास येते. लोक हसले, पण रजई कोणी फेकली नाही. मुलीच्या रुखवताची गादीही त्याच मशीनवरच्या रुईची होती. ती पहिल्या सणाला आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, रुखवताच्या गादीवर निजलं का मले कोनी थोपटते. वाईट नाई वाटत. पन ते माह्यासाठी नाई, असं वाटते."

बहिणीच्या कानावर हे सगळं जात होतंच. संक्रांत झाल्यावर ती पिशवीत सुई-दोरा आणि नवी रुई घेऊन दारोदार जाऊ लागली. "रजई उसवली असन तर द्या, टाके घालून देतो. पैसे नको." लोकांना वाटलं बाधा वाढली. पण फुकट काम कोण नाकारतो? ती ओट्यावर बसून रजई उसवायची, आत हात घालून डोळे मिटायची, आणि रुईत फिरता फिरता तिचा हात एका जागी थांबायचा. तेवढा गोळा ती बाहेर काढायची, तितकीच नवी रुई भरायची आणि टाके घालून द्यायची. मी तिच्या हातातला गोळा एकदा ताणून पाहिला. आखूड देशी धागा. ती चुकत नव्हती.

मुलीची गादी पुसदला जाऊन उसवली. मुलीनं सासूला सांगितलं, आत्याचा नवस आहे.

अशी बरीच वर्षं गेली. एक-एक म्हातारं माणूस मरायचं, त्याचं अंथरूण रीतीप्रमाणे द्यायला निघायचं, की ही तिथं आधीच जाऊन बसलेली असायची. फोमच्या गाद्या आल्या. पिंजाऱ्यानं मशीन विकली आणि मुलाकडे निघून गेला. बहिणीची रजई भरत आली. कधी तरी तिच्या अंगणात समोरच्या कडेला एखादा टाका दिसायचा. एखादाच, आणि सैल. हातात जोर नसलेल्या माणसाचा असावा तसा.

"मधात कमी पडते, दादा," ती एकदा म्हणाली. "उशीभर. कडा भरल्या, पन मधात गाठ बसत नाई. कोनाच्या घरी राह्यली अशीन?"

"आता इतक्या वर्षांनी काय सापडन," मी म्हणालो.

ती उशी माझ्या डोक्याखाली होती. पहिल्या वर्षी मी ती भीतीनं ठेवली होती. तिला दिली तर उपाय मोडेल आणि सोयरीक बिघडेल. लग्न पार पडल्यावर ती भीती उरली नाही. मग का ठेवली? जिनिंग बंद झाल्यावर मी दुपारी पडायचो आणि डोळ्याला डोळा लागायचा नाही. त्या उशीवर डोकं ठेवलं की थोड्या वेळानं कपाळावर एक हात यायचा. खरबरीत, तातीनं घट्टे पडलेला. केसांतून एकदा फिरायचा, आणि थांबायचा. चुकीचं डोकं आहे हे त्या हाताला कळायचं, मला ठाऊक आहे. तरी तो लगेच उठायचा नाही. तेवढ्यात मला झोप लागायची. गावात माणसं झोपेच्या गोळ्या घेत होती आणि मी बहिणीच्या वाट्याची झोप वर्षानुवर्षं झोपलो. बायकोला मी सांगितलं होतं की उशी यवतमाळहून आणलीय.

गेल्या वर्षी कोजागिरीच्या सुमारास बहिणीनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. दुसऱ्या दिवशी मी उशी पिशवीत घातली आणि गेलो. वाटेत परत फिरावंसं वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

ती अंगणात उन्हाला पडली होती, ती रजई पायांवर. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं पिशवीचं तोंड न उघडताच बाहेरून दाबून पाहिली. खूप वेळ हात तसाच ठेवला.

"तुह्या घरी होती."

"हो."

"तवापासून?"

"तिच्या भावानं तुह्यासाठी देल्ली होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांना तिला फारसं दिसत नव्हतं, पण पाहिलं. "झोप चांगली लागली अशीन."

मी तिच्या पायांवरची रजई सारखी केली.

"ते हात ठेवते ना कपायावर. मले मालूम हाये." मग म्हणाली, "उसव."

मी उशी उसवली. तिच्यानं बसवत नव्हतं, तरी बसली. रुई बोटांनी मोकळी केली, रजईच्या मधल्या पोकळीत भरली आणि आपल्या बाजूचे राहिलेले टाके घातले. एक टाका घालायला तिला फार वेळ लागत होता. मी सुई ओवून देत गेलो. मध्यापाशी आल्यावर तिनं सुई खोचली आणि म्हणाली, "जाय आता. चहा ठेव. तू बसला तर ते येनार नाई."

मी आत गेलो. स्टोव्ह पेटवला. दूध नासलेलं होतं, म्हणून बिनदुधाचाच केला. पुढच्या खोलीत पिंजण तशीच टांगलेली होती, तातीवर जाळं धरलेलं. चहाला उकळी येत होती तेव्हा ती तात एकदा वाजली. जाड, घुमता आवाज. जाळ्यातला कोळी पळाला. मी हातातला चिमटा खाली ठेवला नाही आणि वळूनही पाहिलं नाही. मला तो हक्क नव्हता.

दोन कप घेऊन बाहेर आलो. रजईच्या मधोमध गाठ बसली होती. एका बाजूचे टाके उजवीकडे, दुसऱ्या बाजूचे डावीकडे. बहीण त्या गाठीवर हात ठेवून डोळे मिटून हसत होती. मी एक कप तिला दिला आणि दुसरा हातात घेऊन टेकलो. तिनं हात पुढे केला, माझ्या हातातला कप घेतला आणि समोरच्या कडेला ठेवला.

"तुले तुह्या घरी भेटन," ती म्हणाली. रागानं नाही.

मी उठलो. फाटकाशी आल्यावर तिनं हाक मारली. "दादा, मी गेल्यावर हे अंगावर राहू देजो. कोनाले देऊ नोको. पुन्हा वाटू नोको."

ती हिवाळ्याच्या तोंडाशी गेली. स्मशानात रीतीप्रमाणे अंगावरचं काढायला एक जण पुढे आला. रजई पाहून मागे सरला. मागून कोणी तरी हळू म्हणालं, "बाधेची रजई हाये ते." तिथं गल्लीतले लोक होते, माझा जावई होता, त्याचा म्हातारा मामाही होता.

"बाधा नव्हती," मी म्हणालो. "कधीच नव्हती. मी खोटं सांगतलं होतं. तिच्या मानसानं भरलेली रजई हाये. अंगावर राहू द्या."

मामानं टोपी काढून पुन्हा घातली. मी आयुष्यात कापसाला आग लावली नव्हती. त्या दिवशी लावली. देशी रुई फार धूर करत नाही.